अमेरिकेत एकट्यानं आलेली मुलं : घरी जाऊन नेमकं काय पाहायचं असतं?

पाऊलवाट

दुसऱ्या एका धाग्यावर अमेरिकेतल्या "हरवलेल्या तीन लाख मुलां"चा विषय निघाला आणि भलतीकडे गेला. मी गेली काही वर्षं याच कामात आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय. आई-वडील सोबत नसताना सीमा ओलांडून आलेली मुलं सरकारी निवाऱ्यातून कुणाच्या तरी घरी सोपवली जातात. पुढं ती तिथं सुखरूप आहेत का, शाळेत जातात का, कुणी त्यांना राबवून घेत नाही ना, हे घरी जाऊन बघणं हे माझं काम. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चौकट आधी सांगते, अर्धे गैरसमज तिथंच आहेत. १८ वर्षांच्या आतलं मूल, कायदेशीर दर्जा नाही, आणि सापडलं त्या वेळी सांभाळायला आई-वडील किंवा कायदेशीर पालक अमेरिकेत उपलब्ध नाहीत, अशा मुलांसाठी इथं वेगळी व्यवस्था आहे. २००२ च्या होमलँड सिक्युरिटी कायद्यानं त्यांचा सांभाळ इमिग्रेशन खात्याकडून काढून आरोग्य खात्याच्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे, म्हणजे ओआरआरकडे दिला. जे सरकारी खातं मुलाला परत पाठवण्याच्या मागं आहे त्याच्याच ताब्यात मूल ठेवू नये, हा त्यामागचा विचार. २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यानं आणखी एक गोष्ट पक्की केली: सीमेवर सापडलेलं मूल अपवादात्मक परिस्थिती सोडता ७२ तासांच्या आत ओआरआरकडे गेलं पाहिजे. मेक्सिकोच्या मुलांना नियम वेगळा, त्यांना चौकशी करून लगेच परत पाठवता येतं. त्यामुळे निवाऱ्यात बहुतेक मुलं ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरची असतात. २०२१ ते २०२३ या तीन आर्थिक वर्षांत दरवर्षी लाखाहून जास्त मुलं आली.

निवाऱ्यातून मूल स्पॉन्सरकडे, म्हणजे त्याला सांभाळायची जबाबदारी घेणाऱ्या माणसाकडे जातं. पहिली पसंती आई-वडील. ते नसतील तर मोठी भावंडं, मावशी, काका, आजी-आजोबा. तेही नसतील तर लांबचं नातं किंवा घरच्यांच्या ओळखीचं माणूस. कागदपत्रं, पार्श्वभूमी तपासणी सगळं होतं, पण मूल सोपवण्याआधी प्रत्यक्ष घर पाहून येणं, म्हणजे होम स्टडी, प्रत्येकाच्या बाबतीत होत नाही. कायद्यानं ती सक्तीची आहे ती काहीच मुलांसाठी: तस्करीला बळी पडलेलं, अपंगत्व असलेलं, शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसलेलं मूल, किंवा स्पॉन्सरकडून उघड धोका दिसत असेल तर. आणि मूल एकदा सोपवलं की ओआरआरचा कायदेशीर ताबा संपतो. नंतरच्या सेवा ऐच्छिक. दार उघडायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

घरात गेल्यावर मी पहिल्यांदा काही विचारत नाही. पाणी देतात, ते घेते. मूल कुठं बसतंय ते बघते. मग थोड्या वेळानं "तुझी झोपायची जागा दाखवतोस का?" जे मूल तिथं खरोखर राहतं ते उठून सरळ चालायला लागतं. एका घरी सोळा वर्षांच्या मुलानं आधी स्पॉन्सरकडे बघितलं, मग त्यानं मानेनं दाखवलेल्या खोलीत मला नेलं. गादीवरचं प्लास्टिकचं वेष्टन तसंच होतं. शेजारी शाळेचं नवं दप्तर, आत एक वही, पहिलं पानसुद्धा कोरं. आणि मागच्या दाराशी त्याच्याच मापाचे रबरी बूट, त्यांना क्लोरीनचा उग्र वास. बूट कुणाचे हे मी विचारलं नाही. विचारून उत्तर मिळालं असतं, पण ते स्पॉन्सरचं मिळालं असतं.

दुसऱ्या भेटीत त्याच्याशी एकट्याशी बोलायला मिळालं. "कसा आहेस, बरा आहेस ना?" या प्रश्नाला प्रत्येक मूल "बरा आहे" म्हणतं. मी विचारते, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग." त्याचा कालचा दिवस रात्री अकराला सुरू होत होता.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

चाफेकळी

फार महत्त्वाचं लिहिलंत. पण मग ते ८५,००० आणि तीन लाख हे आकडे काय आहेत? मला खरंच वाटत होतं की इतकी मुलं बेपत्ता आहेत.

पाऊलवाट

चाफेकळी, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्यात.

मूल सोपवल्यावर साधारण महिन्याभरानं ओआरआरकडून घरी फोन जातो. २०१८ मध्ये अधिकाऱ्यांनी सिनेटला सांगितलं की मागच्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फोन केलेल्या ७,६३५ मुलांपैकी १,४७५ जणांचा ठावठिकाणा फोनवरून कळू शकला नाही. बातम्यांत लगेच "दीड हजार मुलं हरवली". २०२३ मध्ये गाजलेला ८५,००० चा आकडाही याच जातीचा, दोन वर्षांत ज्यांच्याशी फोनवर संपर्क झाला नाही अशा मुलांचा.

तीन लाखांचं मूळ ऑगस्ट २०२४ मधल्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात आहे. त्यात ३२,००० हून जास्त मुलं इमिग्रेशन कोर्टाच्या तारखेला हजर राहिली नाहीत असं म्हटलंय, आणि २,९१,००० हून जास्त मुलांना कोर्टात हजर होण्याची नोटीसच बजावलेली नव्हती. म्हणजे या दुसऱ्या आकड्यात सरकारनं कागद पाठवला नाही एवढंच आहे. त्यातली कितीतरी मुलं आपल्या आईजवळ राहून रोज शाळेत जात असतील.

पण म्हणून सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. फोन न उचलणाऱ्या घरांतच एखादं असं घर असतं जिथं मूल खरोखर अडकलेलं असतं, आणि ते घर फोनवरून ओळखता येत नाही. फोन उचलला तरी येत नाही. स्पॉन्सर शेजारी उभा असताना मूल काय सांगणार?

खडकवाट

माफ करा, पण मला हे पटत नाही की दार उघडायचं की नाही हे स्पॉन्सरनं ठरवायचं. ओहायोचं प्रकरण वाचलंय मी. तस्करांनीच नातेवाईक असल्याचं भासवून मुलं ताब्यात घेतली. अशा माणसाकडे केसवर्करनं जाऊन पाणी प्यायचं? तिथं पोलीस किंवा केंद्राचे एजंटच गेले पाहिजेत. २०२५ पासून ते घरोघरी जातायत, तर त्यावरही टीका. मुलांच्या सुरक्षेपेक्षा बाकीचं महत्त्वाचं आहे का?

पाऊलवाट

खडकवाट, ओहायोचं उदाहरण बरोबर दिलंत. २०१४, मॅरियन गाव. ग्वाटेमालातून आणलेल्या मुलांना अंड्यांच्या फार्मवर दिवसाला बारा बारा तास राबवलं, मोडक्या ट्रेलरमध्ये ठेवलं, मजुरी काढून घेतली, घरच्यांना मारण्याच्या धमक्या दिल्या. सिनेटच्या उपसमितीनं जानेवारी २०१६ मध्ये यावर सविस्तर अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट मी नवीन सहकाऱ्यांना आवर्जून वाचायला लावते. एक केसवर्कर एका मुलाला भेटायला गेली, तर स्पॉन्सरनं भेटू दिलं नाही. तिनं ते वर कळवलं. आणि नियमाप्रमाणे स्पॉन्सरनं सेवा नाकारली म्हणून ती केस बंद झाली.

म्हणजे तिथं कमी पडली ती बंदूक नव्हे. भेट नाकारली जाणं हीच धोक्याची खूण आहे हे मानणारं कुणी वर नव्हतं. नकार आला की दुसरी भेट, शाळेत चौकशी, राज्याच्या बालसंरक्षण विभागाला कळवणं, आणि तस्करीचा संशय असेल तर हो, पोलीससुद्धा. पोलिसांना माझा विरोध नाही. ठोस संशय असलेल्या घरी ते गेलेच पाहिजेत. माझा विरोध आहे तो सगळ्या घरांवर, विचारपूस म्हणून, अटक करण्याचा अधिकार असलेली माणसं पाठवायला.

हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही, कामावर दिसतं ते सांगतेय. २०१८ मध्ये ओआरआरनं स्पॉन्सरची माहिती इमिग्रेशन अंमलबजावणीकडे द्यायला सुरुवात केली. मुलाला न्यायला पुढं आलेल्या दीडशेहून अधिक लोकांना काही महिन्यांत अटक झाली. पुढं काय झालं? सख्खी मावशी पुढं येईना. तिच्याऐवजी कागदपत्रं असलेला, पण मुलाला आयुष्यात एकदाही न भेटलेला कुणीतरी ओळखीचा उभा राहिला. आणि निवाऱ्यात मुलं जास्त जास्त दिवस अडकली. २०२५ मध्ये तेच पुन्हा दिसलं, निवाऱ्यातला मुक्काम महिन्याभरावरून कित्येक महिन्यांवर गेला.

आता त्या दाराच्या आतल्या मुलाच्या जागी बसून बघा. बाहेर कुणी वाजवतंय. त्याला सांगून ठेवलंय की दार उघडलंस तर काकाला नेतील. तस्करानंही त्याला नेमकं हेच सांगितलेलं असतं, "पोलिसांकडे गेलास तर तुलाच पकडतील." तपासणीला तसलेच लोक आले की तस्कराचं म्हणणं खरं ठरतं. मग ते मूल कुणाकडे बोलणार?

उंबरठा

मी वकील आहे, इमिग्रेशनचं काम करते. खडकवाट यांच्या प्रश्नाला जोडून थोडं.

न्यायाधीशांच्या सहीचं वॉरंट नसेल तर घरात यायला घरच्यांची संमती लागते (तातडीच्या जीवघेण्या परिस्थितीचा अपवाद आहे). इमिग्रेशन खात्याचं स्वतःचं प्रशासकीय वॉरंट त्यासाठी पुरत नाही. "मुलाची फक्त विचारपूस करायला आलोय" असं सांगितलं म्हणून हा नियम बदलत नाही. मूल वकिलाशिवाय प्रश्नांना उत्तरं द्यायला नकार देऊ शकतं. पण सोळा वर्षांचं मूल चार गणवेशधारी माणसांसमोर हे बोलून दाखवेल अशी अपेक्षा कशी करायची?

आणि त्याला वकील असतोच असं नाही. इमिग्रेशन कोर्टात मुलालाही सरकारनं वकील दिलाच पाहिजे असा हक्क नाही. २००८ चा कायदा "शक्य तितक्या प्रमाणात" म्हणतो. मार्च २०२५ मध्ये मुलांना वकील पुरवणारं मोठं सरकारी कंत्राट बंद करण्यात आलं, एप्रिलमध्ये कोर्टानं त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. मधल्या काळात आमच्याकडचे फोन थांबत नव्हते.

वकील का महत्त्वाचा, तर या मुलांना इथं कायदेशीर राहण्याचे मार्ग असतात आणि ते त्यांना माहीत नसतात. आई किंवा वडिलांनी टाकलं, छळलं, दुर्लक्ष केलं असेल तर राज्याच्या कोर्टाच्या आदेशावरून 'स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल'चा दर्जा मागता येतो. तस्करी झाली असेल तर टी व्हिसा, आणि १८ च्या आतल्या मुलाला त्यासाठी पोलिसांना तपासात मदत करण्याची अट नाही. त्या सोळा वर्षांच्या मुलाला हे कुणीतरी त्याच्या भाषेत सांगितलं तर त्याच्यासाठी बोलणं धोक्याचं राहत नाही. म्हणून घरी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत आमच्यासारख्यांचा नंबर हवा.

खडकवाट

या कोनातून विचार केला नव्हता. तरी एक शंका राहतेच. केसवर्करला स्पॉन्सरनं मुलाशी एकट्याशी बोलूच दिलं नाही तर?

पाऊलवाट

बऱ्याचदा देत नाहीत, आणि प्रत्येक वेळी त्यामागं वाईट हेतू नसतो. भीती असते. मी घाई करत नाही. "मुलाला शाळेत घालायचे कागद भरू या, लसीकरणाची नोंद लागेल, चला दवाखान्याची वेळ घेऊ या," अशी सुरुवात करते. अंगणात, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर बोलणं होतं. ज्या स्पॉन्सरला मुलाची काळजी असते तो तिसऱ्या खेपेपर्यंत स्वतःच अडचणी सांगायला लागतो. आणि ज्याला मुलाकडून कमवून घ्यायचंय तो शाळेचं नाव काढलं की टाळाटाळ करतो. शाळेचा फॉर्म ही माझी सगळ्यात चांगली कसोटी आहे.

गिरणगाव_ते_गल्फ

पाऊलवाट, एका खोलीत सहा-सात माणसं राहतात, अशा घरात मूल ठेवायला परवानगीच कशी मिळते?

पाऊलवाट

गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे मला नव्या केसवर्करना सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. दिवाणखान्यात पडदा लावून मावशीनं मुलीसाठी कोपरा केलाय, पडद्याला शाळेचं वेळापत्रक टाचलंय, डबा कुणी भरायचा यावर घरात वाद चाललाय, ते घर चांगलं आहे. उलट स्वतंत्र खोली, नवा पलंग, आणि मुलीचा फोन मात्र 'सांभाळायला' काकांकडे, ते घर मला घाबरवतं.

खोल्या मोजण्यापेक्षा मी हे शोधते: त्याचे कागद कुणाकडे आहेत? फोन कुणाकडे आहे, आईशी तो एकटा बोलू शकतो का? पगार मिळत असेल तर हातात कुणाच्या पडतो? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, कर्ज कुणाचं?

कर्जाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. या प्रवासाचे पैसे बहुतेक घरांनी उसने काढलेले असतात, जमिनीचा तुकडा किंवा घर गहाण टाकून. व्याज चढत राहतं. इथं पोचलेलं पंधरा वर्षांचं मूल रात्रंदिवस एकच हिशेब करत असतं, की हप्ता चुकला तर आईच्या डोक्यावरचं छप्पर जाईल. त्याला कुणी मारलेलं नसतं, कोंडलेलं नसतं. ते स्वतःहून कामाला जातं, खोटं वय सांगून, कारण काम केलं नाही तर आपण घर बुडवलं असं त्याला वाटतं. अशा मुलाला "तू काम करू नकोस, शाळेत जा" एवढं सांगून मी निघाले तर त्याच्या लेखी मी मूर्ख ठरते, आणि पुढच्या वेळी ते मला काही सांगणार नाही. मी त्याच्यासोबत बसून विचारते, कर्ज किती, कुणाचं, महिन्याला किती जातात. आईला फोन लावतो. कधी आईच म्हणते की मला वाटलं तू शाळेत जातोस. कधी वयाला कायद्यानं चालेल असं शाळेनंतरचं काम शोधता येतं. पण कर्ज स्पॉन्सरनंच दिलेलं असेल आणि मूल ते त्याच्याकडे राबून फेडत असेल, तर तो वेठबिगारीचा प्रकार आहे, आणि ते मी त्याच दिवशी कळवते.

शाळेबाहेरची_चिंच

मी मिडल स्कूलमध्ये नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवते. घरी जाऊन पाहणारे लोक महिन्यातून एकदा जातात, आम्हाला मूल रोज दिसतं. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यापासून इमिग्रेशन दर्जा काहीही असला तरी सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. आम्ही दर्जा विचारत नाही.

पहिल्या तासाला झोपणारं मूल आळशी म्हणून सोडून देऊ नका, एवढंच शिक्षकांना सांगेन. नेब्रास्कात कत्तलखान्याची रात्रीची सफाई करणाऱ्या मुलांचं प्रकरण आठवत असेल. २०२३ मध्ये श्रम खात्यानं त्या सफाई कंपनीला १५ लाख डॉलर दंड केला, आठ राज्यांतल्या १३ कारखान्यांत १०२ मुलं धोकादायक कामाला लावली म्हणून, वयं १३ ते १७. त्यांच्यातल्या काहींना साफसफाईच्या रसायनांनी भाजलं होतं, आणि ते भाजलेले हात शाळेच्या नजरेला पडले होते. १८ च्या आत ते काम करणंच बेकायदा. १४-१५ वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी तीन तासांहून जास्त काम देता येत नाही आणि शाळेच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर तर नाहीच. शेतीला मात्र यात बऱ्याच सवलती आहेत, आणि मला त्याचा फार राग येतो.

पाऊलवाट

चिंच, अगदी. शाळेतला एक शिक्षक माझ्या दहा भेटींचं काम करतो.

माजघर

मी महाराष्ट्रात बालकल्याण समितीसमोर येणाऱ्या मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल करत असे. आपल्याकडे सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीसमोर आणावं लागतं. कायदा वेगळा, देश वेगळा, पण तुमच्या त्या कोऱ्या वहीनं मला हलवलं. एक विचारते, भाषेचं काय करता? सगळ्या मुलांना स्पॅनिश येतं का?

पाऊलवाट

माजघर, नाही येत, आणि हे कळायला व्यवस्थेला फार वेळ लागतो. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या पुष्कळ मुलांची भाषा माम, किचे, कान्होबाल किंवा केक्ची असते. कामापुरतं स्पॅनिश येतं. पुढच्या माणसाला बरं वाटावं म्हणून मूल प्रत्येक प्रश्नाला "सी" म्हणतं. अहवालात येतं, "मुलानं सर्व ठीक असल्याचं सांगितलं." मी दोन उलट प्रश्न विचारून बघते. दोन्हींना हो आलं की दुभाषाला फोन लावते. आणि स्पॉन्सरला किंवा घरातल्या कुणाला दुभाषा म्हणून कधीही बसवायचं नाही, तो कितीही चांगला वाटला तरी. फोनवरचा दुभाषा त्याच गावाकडचा निघाला तर मूल त्याच्यासमोरही बोलत नाही, म्हणून दुसऱ्या जिल्ह्याचा मागते.

चाफेकळी

त्या मुलाचं, रबरी बुटांच्या, पुढं काय झालं हे सांगता येईल का? नसेल तर राहू दे.

पाऊलवाट

थोडं सांगते. त्याच्याकडून काम करून घेणारा स्पॉन्सर त्याच्या वडिलांच्या ओळखीचा होता, नात्यातला नव्हता. मूल बोललं, आम्ही कळवलं. त्याला तिथून हलवलं, वकील मिळाला, तस्करीपीडित मुलांना मिळणाऱ्या मदतीचं पत्र मिळालं. शाळेत जातो. पण कर्ज अजून फिटलेलं नाही आणि तो दर रविवारी आईशी त्याबद्दल बोलतो. आई म्हणते आम्ही बघू, तू शिक. त्याला ते पटत नाही.

खडकवाट

आमच्या गावात मांस प्रक्रिया कारखाना आहे. रात्री उशिरा व्हॅनमधून लहान चणीची मुलं उतरताना मी पाहिली आहेत. आजवर वाटलं, आपल्याला काय. आता कुणाला सांगू? इमिग्रेशनला फोन करून त्यांना अडचणीत आणायचं नाहीये.

उंबरठा

श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाला कळवा. मजुराचा इमिग्रेशन दर्जा काहीही असला तरी बालमजुरीचा कायदा ते लागू करतात. तस्करीचा संशय असेल, म्हणजे मुलांना कुणी घेऊन येतंय, कुणाशी बोलू देत नाही, असं दिसत असेल, तर मानवी तस्करी हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८, चोवीस तास चालू असते. नाव न सांगता माहिती देता येते. व्हॅनचा नंबर, वेळ, कारखान्याचं कोणतं दार, इतकं लिहून ठेवा. मुलांशी स्वतः बोलायला जाऊ नका, फोटो काढू नका, व्हॅन चालवणाऱ्याच्या लक्षात आलं तर ती मुलं दुसरीकडे हलवतील.

खडकवाट

वेळ माहीत आहे. नंबर आज रात्री बघतो आणि लगेच फोन करतो.

पाऊलवाट

खडकवाट, फोन करताना "मुलं साधारण किती वयाची दिसतात" हे नक्की सांगा, आणि त्यातलं कुणी तुमच्या गावच्या शाळेत पाहिलं असेल तर तेही.